शब्दांची कुळे : छंद आणि शिस्त

नांदेड नगरात ‘सात’ या संख्येची किती रूपे कानी पडतात, हे पाहण्यास विद्यापीठाची पायरी चढावी लागत नाही. मंदिरात हरिनामाचा सप्ताह चाललेला असतो. बँकेत कर्जाचा हप्ता भरला जातो. सचखंड गुरुद्वाराच्या परिसरात पंजाबचा यात्रेकरू ‘सत्त’ म्हणतो, मोंढ्यातला मराठी आडत्या ‘सात’ म्हणतो. देगलूर-बिलोलीकडील तेलुगू भाषकाच्या तोंडी ‘एडु’ येते आणि उदगीरपलीकडून आलेला कन्नड भाषक ‘एळु’ म्हणतो. या सहा रूपांपैकी पहिली चार एका कुळातली, शेवटची दोन दुसऱ्या कुळातली. ‘सप्त’ हे संस्कृत रूप. ‘सत्त’ ही प्राकृताची पायरी, ती पंजाबीने आजवर जपली. ‘सात’ हे मराठीने त्यापुढे टाकलेले पाऊल. आणि ‘हप्ता’ हा फारसीच्या दारातून घरात आलेला चुलतभाऊ. मूळ अर्थ सात दिवसांचा समूह, म्हणजे सप्ताहच. आज महिन्याच्या महिन्याला भरावयाच्या रकमेलाही लोक हप्ता म्हणतात, हा अर्थाचा प्रवास निराळा.

ही गंमत एकदा लक्षात आली की माणसाला नाद लागतो. मराठवाड्यातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असा एखादा गृहस्थ आढळतोच. कुणी निवृत्त मुख्याध्यापक असतो, कुणी पतपेढीतला अधिकारी, कुणी वकील. त्याच्या वहीत मातृ-मदर, भ्रातृ-ब्रदर, नाम-नेम अशा जोड्या भरलेल्या असतात. भाषाशास्त्राची पदवी त्याच्यापाशी नसते, पण जिज्ञासा अस्सल असते. आपल्या समाजात गणिताच्या किंवा पक्षिनिरीक्षणाच्या हौशीला जो मान मिळतो, तो या छंदाला मिळत नाही. घरातली मंडळी ‘आजोबांचे शब्द सुरू झाले’ म्हणून उठून जातात. हे योग्य नव्हे. मात्र घरच्यांच्या कंटाळ्याला कधी कधी कारणही असते, आणि त्याचा विचार या छंदाच्या चाहत्यांनीच केला पाहिजे.

संस्कृत आणि युरोपातील भाषा यांचे नाते प्रथम कोणाच्या ध्यानात आले, असे विचारले तर बहुतेक सुशिक्षित विल्यम जोन्सचे नाव घेतील. कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयातील या न्यायाधीशाने २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढे केलेल्या भाषणात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा एका, कदाचित आज अस्तित्वात नसलेल्या, मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात असे मांडले. परंतु त्याच्या दोनशे वर्षे आधी, १५८३ साली, गोव्यातून एका इंग्रज जेझुइटाने आपल्या भावाला धाडलेल्या पत्रात इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनसारखी आहे असे लिहिले होते. त्याचे नाव थॉमस स्टीफन्स. पुढे १६१६ साली मराठीत ‘क्रिस्तपुराण’ छापणारा तो हाच. त्याचा हेतू धर्मप्रसाराचा होता आणि त्याविषयी या देशात आक्षेपाला भरपूर जागा आहे. पण मराठी त्याने कान देऊन ऐकली, ही नोंद त्याच्या खात्यावर करावीच लागते. त्याच काळात सासेत्ती नावाच्या फ्लॉरेन्सच्या व्यापाऱ्यानेही देव, सर्प, सप्त, अष्ट, नव हे शब्द आपल्या इटालियनशी ताडून पाहिले. पुरोहित, व्यापारी, न्यायाधीश. या विद्येचा पाया असा हौशी मंडळींनीच घातला.

हौशी निरीक्षणाचे शास्त्रात रूपांतर झाले ते मात्र नियमामुळे. दोन शब्द सारखे वाटतात, एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. संस्कृतात ज्या ठिकाणी शब्दारंभी ‘स’ येतो, तेथे इराणी शाखेत ‘ह’ येतो, आणि तो एकदोनदा नव्हे, तर नेमाने येतो. सप्तचे हप्त होते, सोमाचा हओम होतो, असुराचा अहुर होतो, आणि सिंधूचा हिंदू होतो. अवेस्तेत ‘हप्त हेंदु’ असा प्रदेशाचा उल्लेख आहे. तो म्हणजे आपला सप्तसिंधु. ज्या नावाने हा समाज स्वतःला ओळखतो, ते नावच या ध्वनिनियमावर उभे आहे. हिंदू हा शब्द परक्यांनी दिलेली शिवी आहे असे अजूनही कुठे कुठे छापले जाते, त्याला याहून चोख उत्तर नाही. उत्तर देता येते ते नियम ठाऊक असेल तरच.

नियमाची दुसरी बाजू अधिक कठोर आहे. इंग्रजीतले ‘बॅड’ आणि फारसीतले ‘बद’, जे आपल्या बदनाम, बदफैलीत आहे, यांचा अर्थ एक आणि उच्चारही जवळजवळ एक. तरी त्यांचा परस्परांशी काडीचा संबंध नाही. लॅटिन ‘देउस’ आपल्या देवाचा सख्खा नातलग, पण ग्रीक ‘थेऑस’ दिसायला तसाच असून निराळ्या धातूतून आलेला. याउलट ज्यांच्या चेहऱ्यात काहीच साम्य नाही, ते भाऊ निघतात. इंग्रजी ‘व्हील’, ग्रीक ‘क्युक्लॉस’ आणि संस्कृत ‘चक्र’ हे तिघे एकाच मूळ शब्दाचे वंशज. ग्रीक क्युक्लॉसवरून इंग्रजीत सायकल आली. चक्रापासून मराठीत चाक आले. शाळेला निघालेला मुलगा ‘सायकलचे चाक पंक्चर झाले’ म्हणतो, तेव्हा तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी ताटातूट झालेले दोन भाऊ एका वाक्यात शेजारी येतात. अशी खरी नाती इतकी विस्मयकारक आहेत की खोटी जुळवण्याची गरज कोणाला वाटावी, याचेच नवल.

तरीही ती जुळवली जातात, आणि आपल्याच वर्तुळात मोठ्या आवडीने वाचली जातात. कै. पु. ना. ओक यांनी व्हॅटिकन म्हणजे वाटिका आणि ख्रिश्चॅनिटी म्हणजे कृष्णनीती अशा व्युत्पत्ती मांडल्या. त्यांच्या राष्ट्रप्रेमाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण व्हॅटिकन हे रोममधील एका टेकडीचे नाव ख्रिस्ती धर्माच्या जन्मापूर्वीपासून प्रचारात होते. आणि ‘ख्रिस्तोस’ म्हणजे अभिषेक झालेला, हिब्रू ‘मशिहा’ या पदाचे ते सरळ ग्रीक भाषांतर. दोन्ही गोष्टी कोणत्याही चांगल्या कोशात सापडतात. अशा व्युत्पत्तींचे नुकसान परक्यांना होत नाही, ते आपले होते. महाविद्यालयात शिकणारा तरुण शाखेत किंवा घरी ऐकलेली कृष्णनीती वर्गात सांगतो, तेथे त्याचे हसे होते, आणि त्यासोबत सांगितलेल्या दहा खऱ्या गोष्टीही त्याला खोट्या वाटू लागतात. ज्या देशाने पाणिनी दिला, त्या देशातल्या माणसाने ध्वनीचा नियम न पाहता शब्द जुळवावेत, हे त्या ऋषितुल्य वैयाकरणाच्या वारशाला शोभत नाही. युरोपातील तौलनिक भाषाशास्त्र उभे राहिले ते संस्कृत व्याकरणाची ओळख झाल्यानंतर, हे तेथील विद्वानांनीही मान्य केले आहे. शब्दाचे प्रकृती-प्रत्यय सुटे करून पाहण्याची दृष्टी त्यांना येथून मिळाली.

यास्काचा दाखला देऊन कोणी म्हणेल की निरुक्तातही एका शब्दाच्या चार-चार व्युत्पत्ती दिल्या आहेत. दिल्या आहेत खऱ्या. पण यास्काचा हेतू वेदमंत्राचा अर्थ उलगडण्याचा होता. शब्दाचा इतिहास लिहिण्याचा नव्हे. आणि त्यानेही विरोधी मत दडवलेले नाही. सर्व नामे धातूंपासूनच निघतात हे शाकटायनाचे मत, ते सर्वत्र लागू नाही हे गार्ग्याचे. यास्काने गार्ग्याचे आक्षेप एकामागून एक नोंदवून मग त्यांना उत्तरे दिली. आजच्या व्युत्पत्तिप्रेमींनी यास्काचे नाव घ्यावे, पण त्याच्या या सवयीसकट घ्यावे.

आता एका नाजूक मुद्द्याकडे वळले पाहिजे. संस्कृत ही ग्रीक-लॅटिनची जननी, असे आपल्याकडे श्रद्धेने सांगितले जाते. भाषेचा पुरावा तसे म्हणत नाही. तो तिला भगिनी म्हणतो. पाच, दहा आणि आठ हे तीन आकडे पाहावेत. संस्कृतात पञ्च, दश, अष्ट. तिन्हींत आरंभीचा स्वर ‘अ’. ग्रीकमध्ये पेंटे, डेका, ऑक्टो; पहिल्या दोहोंत ‘ए’, तिसऱ्यात ‘ओ’. लॅटिनमध्येही दहासाठी डेकेम आणि आठसाठी ऑक्टो. संस्कृतातला एकच ‘अ’ दोन्ही लेकींनी स्वतंत्रपणे फोडला असता, तर दोघींनी नेमक्या त्याच शब्दांत तो एकसारखा फोडावा कसा? मूळ भाषेत ए आणि ओ वेगळे होते आणि संस्कृताने ते ‘अ’मध्ये मिळवले, हेच त्याचे सरळ उत्तर. त्याची खूण खुद्द संस्कृताच्या अंगावर आहे. कृ धातूचे परोक्षभूताचे रूप ‘ककार’ न होता ‘चकार’ होते. पाणिनीने हा नियम नोंदवला. तेथे एके काळी ‘ए’ होता आणि त्याच्या संगतीने ‘क’चा ‘च’ झाला, हे कारण १८७० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञांना उमगले. भगिनी म्हटल्याने संस्कृताचा मान उणावत नाही. ऋग्वेदाएवढे प्राचीन आणि विपुल वाङ्मय मुखोद्गत परंपरेने इतके अचूक जपणारी दुसरी भगिनी या कुळात नाही.

भाषाकुळाची चर्चा निघाली की आर्यांच्या आगमनाचा वाद आपोआप पुढे येतो, आणि मग शब्द बाजूला राहून राजकारण सुरू होते. या वादाने देशाचे पुष्कळ अहित केले, यात संशय नाही. उत्तर विरुद्ध दक्षिण, ब्राह्मण विरुद्ध ब्राह्मणेतर अशा भिंती बांधण्यास त्याचा सर्रास उपयोग झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ च्या ‘शूद्र कोण होते?’ या ग्रंथात आर्यांच्या आक्रमणाचा सिद्धांत नाकारला, ही गोष्ट त्यांचे नाव घेणारेही क्वचितच सांगतात. मॉर्टिमर व्हीलर यांनी मोहेंजोदडोच्या सांगाड्यांवरून रंगवलेले आर्यांच्या कत्तलीचे चित्र पुरातत्त्वज्ञांनी केव्हाच टाकून दिले. मात्र आक्रमणाची कथा पडली म्हणून भाषांचे नाते पडत नाही, आणि स्थलांतराचा प्रश्नही मिटत नाही. २०१९ साली डेक्कन कॉलेजचे डॉ. वसंत शिंदे यांचा सहभाग असलेले दोन जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाले. राखीगढीच्या स्त्रीच्या अवशेषांत गवताळ मैदानातील पशुपालकांचा अंश आढळला नाही, असे एकाने दाखवले. दुसऱ्याने ५२३ प्राचीन व्यक्तींच्या नमुन्यांवरून असा अंश इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात या भूमीत आला असे मांडले; आणि आज बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञ आर्यभाषांचा प्रवास त्याच्याशी जोडतात. दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते आपापल्या सोयीचा निबंध तेवढा वाचतात. लोकमान्य टिळकांनी १९०३ च्या ग्रंथात वैदिक ऋषींच्या पूर्वजांचे वसतिस्थान थेट उत्तर ध्रुवाजवळ नेऊन ठेवले. तो निष्कर्ष आज विद्वानांना मान्य नाही. पण तो मांडताना आपल्या देशभक्तीला बाध येईल अशी भीती लोकमान्यांना वाटली नाही, आणि त्यांच्या देशभक्तीवर कोणी बोटही ठेवले नाही. एवढा आत्मविश्वास त्यांच्या वारसांकडे का नसावा?

हौशी माणसाच्या हातून काय घडू शकते, याचे उदाहरण म्हणून हेरमान ग्रासमान या जर्मन शिक्षकाकडे पाहता येईल. श्टेटीन या गावी तो शाळेत गणित शिकवीत असे. गणितातील त्याच्या कामाची दखल हयातीत फारशी घेतली गेली नाही. तेव्हा तो संस्कृताकडे वळला. एका शब्दात लागोपाठ दोन महाप्राण आले की पहिला अल्पप्राण होतो, भू पासून ‘भभूव’ न होता ‘बभूव’ होते, आणि ग्रीकमध्येही तसेच घडते, हा १८६३ साली मांडलेला नियम त्याच्या नावाने ओळखला जातो. दहा वर्षांनी त्याचा ऋग्वेदाचा शब्दकोश निघू लागला. तो अभ्यासक अजूनही उघडतात. शाळेतला एक शिक्षक! ज्या लातूरच्या शिक्षकांनी ‘लातूर पॅटर्न’ने राज्याला अचंबित केले, तेथे अशा एखाद्या शिक्षकाची अपेक्षा ठेवणे अगदीच अवाजवी नव्हे. तूर्त त्या नगरीचे सारे बुद्धिबळ वैद्यकीय प्रवेशाच्या गुणांत खर्ची पडते, ही गोष्ट वेगळी.

महाराष्ट्रात या परंपरेचे मूळपुरुष इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. विद्यापीठाची नोकरी नाही, सरकारचा आश्रय नाही. खांद्यावर पडशी टाकून गावोगाव दप्तरे धुंडाळीत हिंडणारा हा तपस्वी मराठवाड्यातही आला. बीडजवळ पाटांगण येथे मिळालेली ज्ञानेश्वरीची जुनी प्रत त्यांनी १९०९ साली छापली आणि तिच्या भाषेचे व्याकरण लिहिले. त्यांचे धातुकोशाचे काम त्यांच्या पश्चात धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळाने प्रकाशात आणले. राजवाड्यांच्या व्युत्पत्ती पुष्कळदा ताणलेल्या असतात. समोर आलेला शब्द संस्कृत धातूपर्यंत पोहोचवल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांच्या अगदी उलट टोकाला विश्वनाथ खैरे. व्यवसायाने अभियंता असलेल्या खैऱ्यांनी तमिळ आत्मसात केली आणि १९७७ च्या ‘द्रविड महाराष्ट्र’मध्ये मराठीची मुळे दक्षिणेत शोधली. त्यांचेही सारेच निष्कर्ष पंडितांना पटलेले नाहीत. पण दोघांनी आधी मूळ साहित्य गोळा केले, भाषा शिकून घेतल्या आणि मग तोंड उघडले. आजच्या वहीबहाद्दरांना नेमके हेच कष्ट नको असतात.

दूरच्या लॅटिनकडे पाहण्यापूर्वी स्वतःच्या गावाच्या नावाकडे पाहिले तरी बरेच शिकता येते. लातूर हे रत्नापूरचे रूप असे भाविक सांगतात. रत्नेश्वराचे देवस्थान त्याला आधार म्हणून दाखवतात. परंतु राष्ट्रकूट राजे शिलालेखांतून स्वतःला लत्तलूर या श्रेष्ठ नगराचे स्वामी म्हणवीत, आणि ते लत्तलूर म्हणजे लातूर हे आज बहुतेक अभ्यासकांना मान्य आहे. शेवटचा ‘ऊर’ हा द्रविड भाषांत गावाचा वाचक; देगलूरातही तोच. नांदेडचे नाव नऊ नंदांशी, कधी शिवाच्या नंदीशी जोडले जाते. वाशीम येथे सापडलेल्या वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या ताम्रपटात ‘नांदीकड’ असा उल्लेख आहे, तो नांदेडचा मानला जातो. स्थळनामाचा विचार आजच्या रूपावरून न करता सर्वात जुन्या लिखित रूपावरून करावा, हा धडा या दोन्ही नगरांनी आपल्या रहिवाशांसाठी तयार ठेवला आहे.

मोंढ्यात तुरीची पोती रचलेली असतात. त्या पोत्यांना आडते बारदाना म्हणतात. त्यातला ‘बार’ हा फारसी शब्द म्हणजे ओझे, आणि तो आपल्या ‘भार’ शब्दाचा रक्ताचा नातलग. शेतकरी कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन येतो आणि धान्य बारदान्यात भरतो. दोन्हीकडे एकच भृ धातू. घराचे दार संस्कृत द्वारातून आले, दरवाजातील ‘दर’ फारसीतून, आणि इंग्रजीचे ‘डोअर’ही त्याच घरातले. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी भाषाशुद्धीचा आग्रह धरला तो परकीय शब्दाने स्वकीय शब्द मरू नये म्हणून; महापौर, दिनांक यांसारखे त्यांचे शब्द मराठीत रुळले. ‘दरवाजा’चे कूळ कोणते, हा प्रश्न त्या आग्रहाशी भांडत नाही.

मराठवाड्याच्या दक्षिण कडेवर आणखी एक नवल आहे. निलंगा, उदगीर, देगलूर या पट्ट्यात थोरल्या बहिणीला अक्का आणि थोरल्या भावाला अण्णा म्हणतात. हे शब्द द्रविड कुळातले, हे सहज पटते. पण शब्दांहून खोल गेलेली गोष्ट व्याकरणात आहे. ‘आम्ही जातो’ म्हटले की ऐकणारा वगळला जातो. ‘आपण जाऊ’ म्हटले की तोही त्यात येतो. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही, संस्कृताच्या ‘वयम्’मध्येही नाही. तेलुगूत मात्र तो आहे: ‘मेमु’ म्हणजे आम्ही, ‘मनमु’ म्हणजे आपण. शब्द मराठीने आपले आर्य कुळातलेच वापरले, पण भेद करण्याची रीत शेजाऱ्याच्या संगतीने अंगी बाणवली, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. शतकानुशतके एका गावात, एका बाजारात, पुष्कळदा एका घरात दोन्ही भाषा बोलल्या गेल्याखेरीज असे घडत नाही. आर्य आणि द्रविड हे दोन शत्रुवंश असल्याचे सांगणाऱ्यांना ‘आपण’ हा एक मराठी शब्द पुरेसा अडचणीचा आहे. आणि द्रविड असे कूळच नाही म्हणून हात झटकणाऱ्यांनाही तो तितकाच अडचणीचा आहे.

भारतातील भिन्न कुळांच्या भाषा परस्परांच्या सहवासाने एकमेकींसारख्या झाल्या आहेत, हा विचार १९५६ साली मरे एमेनो या अमेरिकास्थित भाषाशास्त्रज्ञाने ‘भारत : एक भाषिक क्षेत्र’ या आशयाच्या निबंधात मांडला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांचा कोलामी भाषेवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. कोलामी म्हणजे यवतमाळ, आदिलाबाद आणि नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरच्या डोंगरात राहणाऱ्या कोलामांची बोली. द्रविड कुळातली, मराठी आणि गोंडीच्या शेजारात वाढलेली. आणि त्या बोलीच्या अभ्यासात एमेनोंच्या आधी एक मराठी माणूस पोहोचला होता.

सेतुमाधवराव पगडी यांचा जन्म १९१० साली निलंगा येथे झाला. हा तालुका तेव्हा बीदर जिल्ह्यात होता, १९५६ नंतर उस्मानाबादेत (आताच्या धाराशिवात) आला आणि १९८२ पासून लातुरात आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू यांच्या संगमावर वाढलेल्या या मुलाला भाषांचा लळा लागला यात आश्चर्य नाही. हैदराबाद संस्थानच्या मुलकी सेवेत असताना आदिलाबादच्या गोंड-कोलामांत त्यांनी काम केले. किनवट तालुका त्या वेळी आदिलाबाद जिल्ह्यातच होता; राज्यपुनर्रचनेत तो नांदेडला जोडला गेला. अधिकाऱ्याने दुभाष्या नेमून कारभार हाकावा, ही तेव्हाची रीत. पगडींनी गोंडी आणि कोलामी शिकून घेतल्या आणि त्यांची व्याकरणे लिहिली. त्यांचे कोलामीचे व्याकरण १९५० साली हैदराबादेत प्रसिद्ध झाले. पुढे महाराष्ट्र राज्याच्या गॅझेटियरचे काम, शिवकालावरील संशोधन, उर्दू कवींचा मराठी वाचकांस परिचय, १९९२ चे पद्मभूषण, हे सारे सर्वश्रुत आहे. कोलामीचे व्याकरण मात्र त्यांच्या चाहत्यांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल.

बरो आणि एमेनो यांचा द्रविड व्युत्पत्तिकोश १९६१ साली ऑक्सफर्डहून निघाला. १९८४ साली त्याची दुसरी आवृत्ती आली. द्रविड शब्दांच्या मुळाविषयी जगात कोठेही चर्चा झाली तर हाच कोश उघडला जातो. त्यात कोलामीच्या अनेक शब्दांपुढे ‘एस. आर.’ ही दोन अक्षरे कंसात छापलेली आढळतात. ती सेतुमाधव राव या नावाची आहेत. निलंग्याच्या या मुलकी अधिकाऱ्याने डोंगरातल्या पोडांवर ऐकलेले शब्द अशा रीतीने जगाच्या कोशात जाऊन बसले. त्यांनी कोणताही शब्द व्हॅटिकनला नेला नाही. समोरचा माणूस जे बोलला, ते जसे बोलला तसे टिपले.

हे काम संपलेले नाही. उलट त्याची घाई झाली आहे. २०११ च्या जनगणनेत कोलामी मातृभाषा सांगणारे सुमारे १ लाख २८ हजार होते. महाराष्ट्रात कोलामांची गणना विशेष दुर्बल आदिवासी गटांत होते, आणि त्यांची मुले शाळेत मराठी किंवा तेलुगू शिकतात. किनवटच्या आश्रमशाळांत, वनवासी क्षेत्रात काम करणारे कार्यकर्ते वर्षानुवर्षे या पोडांवर जातात. त्यांच्यापैकी किती जणांना कोलामी बोलता येते, हा प्रश्न कठोर वाटला तरी विचारला पाहिजे. मुखेड-कंधारच्या तांड्यांवर बोलली जाणारी बंजारा बोली राजस्थानीच्या गोत्रातली. तिच्यातील बैलांच्या तांड्याची, लदेणीची शब्दसंपदा जाणणारी पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.

मराठीचीही स्थिती फार निराळी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरे कोसळली, हजारो माणसे गेली, आणि ५२ गावे नव्या जागी उभी राहिली. नव्या घरांना माळवद नाही, ढाळज नाही, भिंतीत बळद नाही, अंगणात पेव नाही. त्या वस्तू नकोत हे ठीकच; त्या घरांनीच तर माणसे गाडली. पण त्यांच्याबरोबर तुळई, खण आणि उतरंड यांच्याभोवतीचा शब्दांचा सारा संसारही उठला. मोट गेली तेव्हा नाडा, सोल गेले; ट्रॅक्टर आला तेव्हा तिफणीचे अवयव गेले. ‘तिफण’मधील ‘ति’ हा संस्कृत ‘त्रि’चा, म्हणून लॅटिनच्या ‘त्रेस’चा आणि इंग्रजीच्या ‘थ्री’चाही बांधव, हे नातवाला सांगायचे तर तिफण काय ते त्याला आधी ठाऊक हवे.

मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. पेढे वाटून झाले, आता काम व्हावयास हवे. कृ. पां. कुलकर्णी यांचा ‘मराठी व्युत्पत्तिकोश’ १९४६ चा आहे, आणि हौशी अभ्यासक आजही प्रथम तोच हाती घेतो. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ वा. गो. परांजपे यांनी १९४१ साली मराठीत आणला. ज्याला शब्दांचा नाद आहे त्याने तो एकदा तरी नेटाने वाचावा. नियम कसा चालतो ते त्यात दिसते. आणि वहीत जोड्या लिहिणाऱ्या त्या निवृत्त मुख्याध्यापकांना एवढेच सुचवावेसे वाटते, की डावीकडे संस्कृत आणि उजवीकडे इंग्रजी असे दोन रकाने पाडण्याऐवजी त्यांनी वहीत चार रकाने पाडावेत : शब्द, गाव, सांगणाऱ्याचे वय आणि ज्या वाक्यात तो शब्द आला ते वाक्य. निलंग्याहून किल्लारी तासाभराच्या अंतरावर आहे, नांदेडहून किनवटला रेल्वे जाते.